तहसीलला अर्ज अडकलाय? फाईल कुठल्या टेबलावर पडलीय ते असं शोधा

मी वकील नाही आणि ते गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरणारा आरटीआयवालाही नाही. परभणी साईडला साडेचार एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर, आणि तालुक्याच्या गावी मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, एवढाच आपला पसारा. वडील गेले आणि वारसाचा फेर (म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, फेरफार) ओढून सातबाऱ्यावर आमची नावं यायला चौदा महिने लागले, त्यातले पहिले नऊ महिने मी नुसत्या चकरा मारल्या आणि नंतरच्या पाच महिन्यांत काम झालं. मधे काय बदललं तेवढंच लिहितो, कारण दुकानात डिस्प्ले बदलायला आलेला माणूस पण विचारायलाय, "भाऊ तुमचं कसं झालं, आमचं तर दिवाळीपासून पडलंय."

फेर नसला की काय होतं हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, पण नोकरीवाल्या पाहुण्यांसाठी सांगतो. सातबारा मेलेल्या माणसाच्या नावावर राहतो, मग बँक पीककर्ज देत नाही, ठिबकचा फॉर्म पुढं सरकत नाही, विमा भरायला गेलं की खातेदार कुठंय म्हणतात, आणि अतिवृष्टीचं अनुदान आलं तरी ते वडलांच्या बंद झालेल्या खात्याकडं बघत बसतं. मराठवाड्याच्या अनुशेषावर आपण लहानपणापासून भाषणं ऐकतोय, १९८३ ला तो मोजायला दांडेकर समिती बसली, १९९४ ला वैधानिक विकास मंडळ आलं, २०२० च्या एप्रिलमधे त्याची मुदत संपून गेली, या मंडळांची तरतूद असलेलं घटनेचं कलम ३७१ (२) तर पुढाऱ्यांना तोंडपाठ आहे. ते सगळं खरंच आहे हो. पण माझ्या आईच्या खात्यावर पैसे आले नाहीत त्याचं कारण मुंबईला नव्हतं, ते तालुक्याच्या गावी एका शेऱ्यात होतं, आणि तो शेरा कुणी मला सांगितलाच नाही.

आधी हे बघा की सही नेमकी कुणाची लागते

माझी पहिली चूक हीच. मी तहसीलदार साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर बसायचो. साहेब मीटिंगला, साहेब व्हीसीला, साहेब जिल्ह्याला. एकदा भेटले पण, चांगले बोलले, "बघतो" म्हणले. आणि वारसाच्या साध्या, कुणाची तक्रार नसलेल्या फेराला तहसीलदाराची सही लागतच नाही! अर्ज जातो तलाठ्याकडं (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात आणि मी पण तेच म्हणणार), तो वारसाची नोंद गाव नमुना ६-क ला, म्हणजे वारसांच्या रजिस्टरला घेतो, चौकशी होते, मग गाव नमुना ६ ला, म्हणजे फेरफाराच्या रजिस्टरला फेर ओढला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी (तलाठ्याच्या वरचा) नोंद प्रमाणित करतो. संपलं. कुणी हरकत घेतलीच तर ते ६-अ च्या तक्रारी रजिस्टरला जातं आणि तो वेगळा खेळ सुरू होतो, त्याला तारखा, म्हणणं, पुरावे सगळं लागतं.

तर कुठलंही काम असू द्या, फेर असो, दाखला असो, घरकुलाचा हप्ता असो, आधी एवढंच शोधा की शेवटची सही कुणाची आणि तिच्या आधी कागद किती हातांतून जातो. हे विचारायला लाजू नका. साहेबाला विचारण्यापेक्षा शिपायाला विचारा, त्याला जास्त माहीत असतं, कारण फाईल उचलून इकडून तिकडं नेणारा तोच.

पोच. पोच. पोच.

तीनदा लिहिलं कारण माझे नऊ महिने इथंच गेले. मी पहिला अर्ज तलाठ्याच्या हातात दिला होता, सज्जावर (त्याच्या ऑफिसात), उभ्या उभ्या. त्यानं तो घडी घालून बॅगेत टाकला आणि गाडीला किक मारली. नऊ महिन्यांनी विचारलं तर, "कधी दिला होता?" आता काय दाखवू? मजा म्हणजे जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४९ मधेच लिहिलंय की हक्क मिळाल्याची वर्दी दिली की लगेच लेखी पोच द्यायची. म्हणजे पोच मागणं हा तुमचा आगाऊपणा नाही, ती त्यानं न मागता द्यायची वस्तू आहे. वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते हे पण त्याच कलमात आहे, तेव्हा दहावा-तेरावा झाला की लगेच कामाला लागा, वर्षश्राद्धाची वाट बघू नका.

दुसऱ्यांदा मी शहाणा झालो. अर्जाच्या दोन प्रती काढल्या, तहसीलमधे बारनिशीला गेलो (आवक-जावकला आमच्याकडं बारनिशी म्हणतात, खिडकीवर पाटी नसली तरी ज्या टेबलावर रजिस्टरांचा ढीग आणि डिंकाची बाटली दिसेल ते). तिथल्या ताईंनी एका प्रतीवर शिक्का मारला. शिक्का उठलाच नाही, पॅड वाळलेलं. नुसता गोल दिसत होता, तारीख नाही, नंबर नाही. मी तसाच निघालो होतो, तर मागं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी माझी बाही धरली. "लेकरा, तारीख लिहून घे पेनानं. आवक नंबर बी." ताईंनी कपाळाला आठी घातली पण लिहून दिलं. त्या बाबांचं धोतर, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत नायलॉनच्या दोरीनं बांधलेले कागद. किती वर्षांचे असतील कुणास ठाऊक. पण मला कामाची पहिली गोष्ट तहसीलमधल्या कुठल्या अधिकाऱ्यानं शिकवली नाही, त्यांनी शिकवली.

घरी आलं की त्या पोचेचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, आणि एक शंभर पानी वही करा. कोणत्या तारखेला गेलो, कोण भेटलं, काय म्हणालं, एवढंच, दोन ओळी. स्पीड पोस्टानं अर्ज पाठवला तर पावती त्याच वहीत चिकटवा.

त्रुटी निघाली का ते आपणच बघायचं

ऑफिसात दोन प्रकारचं "पडून आहे" असतं. एक म्हणजे खरंच पडून आहे, कुणी हात लावला नाही. दुसरं म्हणजे हात लावला, त्रुटी काढली, आणि ती अर्जदाराला कळवायची राहिली. माझं दुसरं निघालं. ते "आपली चावडी" म्हणून सरकारचं पोर्टल आहे, जिल्हा-तालुका-गाव निवडलं की गावातले चालू फेर आणि त्यांच्या नोटिसा दिसतात, ते मी रात्री दुकान बंद केल्यावर सहज उघडलं तर आमचा फेर नंबर दिसला, म्हणजे फेर ओढला गेला होता! मग सकाळी मंडळ अधिकाऱ्याकडं. तिथं कळलं की बहिणीचं नाव प्रतिज्ञापत्रात सासरचं आणि आधारवर अजून माहेरचं, म्हणून शेरा मारून ठेवलाय.

हे घराघरात होतं म्हणून जरा थांबून सांगतो. बहिणींची नावं लावावीच लागतात, ती काही तलाठ्याची मर्जी नाही, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. गावात सल्ला देणारे देतात की, बहिणीचं नाव टाकूच नका, कटकट. तसं करू नका, एक तर ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं आणि उद्या बहिणीनं नाही तर भाच्यानं हरकत घेतली की कोर्टात दहा वर्षं. बहिणीला खरंच सोडायचं असेल तर आधी नाव लागू द्या, मग दुय्यम निबंधकाकडं नोंदणीकृत हक्कसोड करा, पाच रुपयाच्या वहीच्या कागदावर लिहून घेतलेलं चालत नाही. माझ्या बहिणीनं हक्क सोडला नाही आणि मी मागितला पण नाही, आता चौघांची नावं आहेत आणि कुणाचं पोट दुखत नाही. नावाच्या फरकासाठी लग्नाचा दाखला जोडला, "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं नवीन प्रतिज्ञापत्र दिलं, त्रुटी निघून गेली. दोन दिवसांचं काम, फक्त कुणी सांगायला हवं होतं.

आपल्या मराठवाड्याचं एक वेगळं लफडं

यूट्यूबवर सातबाऱ्याचे व्हिडिओ बघून जाणाऱ्यांनो, ते व्हिडिओ बनवणारे बहुतेक पुण्या-साताऱ्याकडचे असतात. आपल्याकडं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम होता, त्यामुळं जुने कागद उर्दूत, काही मोडीत, आणि कायदे पण वेगळे. कुळाचं प्रकरण असलं तर तिकडं १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्याचं कलम "३२ ग" चालतं, आपल्याकडं हैदराबाद कूळवहिवाट कायदा १९५० आणि त्यातलं कलम ३८, ३८-ई. तिकडचं कलम अर्जात टाकून गेलात तर समोरचा क्लार्क गालातल्या गालात हसतो आणि अर्ज बाजूला ठेवतो, त्याला तेवढंच निमित्त पुरतं. जमिनीचा मूळ पुरावा काढायचा तर १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक (तेव्हाचा जमिनीचा जुना उतारा) मागा, नक्कल मिळते, अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी ही जुनी दप्तरं सगळीकडं उघडली गेली, त्यामुळं एक बरं झालं, उर्दू-मोडी वाचणारा माणूस कुठं मिळतो हे आता प्रत्येक तालुक्यात कुणाला ना कुणाला माहीत असतं.

सात दिवसांचा कायदा

याचं नाव इतकं लांब आहे की पूर्ण म्हणताना चहा गार होतो, बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. अण्णा हजारेंच्या आंदोलनाचा त्यामागं रेटा होता. त्याच्या कलम १० मधे आहे की कुठल्याही कर्मचाऱ्याकडं फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, तातडीची असेल तर चार दिवस. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. होते का कारवाई? मी तरी बघितली नाही. पण या कायद्याचा उपयोग कारवाईसाठी नाहीच, अर्जात एक ओळ टाकायसाठी आहे. मी असं लिहिलं होतं:

"दिनांक अमुक रोजी दिलेला माझा अर्ज, आवक क्र. तमुक, सध्या कोणाकडे व कधीपासून प्रलंबित आहे ते कृपया लेखी कळवावे. विलंब प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १० नुसार सात दिवसांची मर्यादा आहे हे नम्रपणे निदर्शनास आणतो."

बस. शिवीगाळ नाही, "आत्मदहन करीन" नाही, वरती पालकमंत्री ते राष्ट्रपती असा प्रतींचा पाढा नाही. असल्या धमकीच्या अर्जाचं ऑफिसात काय होतं माहितीये का, तो वेगळ्या टेबलावर जातो, त्याच्यावर वेगळी फाईल चालू होते, पोलिसांना पत्र जातं, आणि तुमचं मूळ काम जिथल्या तिथं.

दाखल्यांचं काम असेल तर सोपा रस्ता

उत्पन्न, रहिवासी, नॉन-क्रिमिलेयर असले दाखले लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मधे येतात. कोणती सेवा किती दिवसांत, कोण देणार, अपील कुणाकडं, हा तक्ता ऑफिसच्या भिंतीवर लावायचा असतो, बहुतेक ठिकाणी कूलरच्या मागं असतो पण असतो. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेवा केंद्रावर अर्ज केला की जो नंबर मिळतो तीच तुमची पोच. मुदत गेली किंवा अर्ज फेटाळला की तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं थेट सेवा हक्क आयोगाकडं, त्याचे आयुक्त आपल्या विभागासाठी छत्रपती संभाजीनगरला बसतात. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. रक्कम किरकोळ वाटते पण नोकरीवाल्या माणसाला दंडापेक्षा सेवापुस्तिकेची भीती असते. सेवा केंद्रावर फीचा बोर्ड असतो, तो वाचा, वरचे पन्नास-शंभर कशाचे ते विचारा आणि पावती मागा, पावती म्हणलं की रेट आपोआप खाली येतो.

आरटीआय: "का" विचारू नका, कागद मागा

सगळ्यात जास्त चूक इथं होते. लोक लिहितात, "माझे काम का केले नाही?" त्याला उत्तर येतं, "प्रश्नार्थक माहिती देणे बंधनकारक नाही." झालं, महिना गेला. माहिती अधिकारात कागद मागायचा असतो. माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंतच्या टिपणीची प्रत द्या, अर्ज कुठल्या कुठल्या कर्मचाऱ्याकडं किती तारखेपासून किती तारखेपर्यंत होता ते दाखवणाऱ्या कार्यविवरण नोंदवहीच्या पानाची प्रत द्या. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, दारिद्र्यरेषेखाली असाल तर ते पण नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, नंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडं. आयोगाकडं लवकर नंबर लागत नाही हे खरंय, म्हणून मी सांगतो की प्रतीच्या मागं लागण्यापेक्षा अवलोकन मागा, म्हणजे फाईल समोर बसून बघायला, पहिला तास फुकट असतो. फाईल बघायला माणूस येणार म्हणलं की आदल्या दिवशी ती फाईल शोधली जाते, धूळ झटकली जाते, पानांना नंबर पडतात, आणि कित्येकदा काम त्याच दिवशी होऊन जातं.

माझ्यावर तिथपर्यंत जायची वेळ आली नाही, पण माझ्या साडूची विहिरीची फाईल अशीच सापडली, भलत्याच गावाच्या गठ्ठ्यात बांधलेली.

लोकशाही दिन आणि बाकीचं

लोकशाही दिन म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस, तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला कलेक्टर ऑफिसात पहिल्या सोमवारी. आधी तालुक्याला जायचं, तिथं भागलं नाही तर जिल्ह्याला, आणि ठरलेल्या नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा. कोर्टात असलेलं, अपिलात असलेलं प्रकरण तिथं घेत नाहीत. फायदा असा की सगळे खातेप्रमुख एका टेबलाला बसलेले असतात, त्यामुळं "ते आमच्याकडं नाही, भूमी अभिलेखला जा" हे तोंडावर म्हणता येत नाही.

पैसे मागितले तर १०६४ ला फोन, लाचलुचपतवाले सापळा लावतात, तुमचं अडलेलं काम त्यामुळं कायमचं बसतं ही भीती सगळ्यांना असते आणि ती खोटी आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण नाईलाजानं दिले असतील तर सात दिवसांच्या आत कळवलं पाहिजे, नाहीतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणारा पण अडकतो. माझ्याकडं एकानं "चहापाणी" म्हणलं होतं. मी वही काढली आणि तारीख लिहायला लागलो, तर तो म्हणाला, "अहो गंमत केली."

आता दुसरी बाजू पण लिहितो, नाहीतर दुकानात येणारे तलाठीभाऊ माझ्यावर रुसतील. एका तलाठ्याकडं दोन-तीन सज्जे, त्यात निवडणूक त्याच्याकडं, पीक पाहणीच्या तक्रारी त्याच्याकडं, शेतकऱ्याची केवायसी झाली नाही तर शिव्या त्यालाच. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं जमिनी खरवडून गेल्या तेव्हा हीच माणसं गुडघाभर चिखलात पंचनामे करत होती, आणि तेवढे दिवस फेर, दाखले सगळं बंद. योजना मुंबईहून दहा निघतात, दिल्लीहून वीस, पण खाली गावात ती सगळी राबवणारा माणूस एकच असतो. म्हणून वेळ बघून जा. पंचनाम्याच्या, निवडणुकीच्या, मार्च एंडच्या दिवसांत चकरा मारून पेट्रोल जाळू नका. जून-जुलैत नवीन साहेब बदलून आलेले असतात, त्यांना टेबल समजायला महिना लागतो, पण पेंडिंग कमी करून दाखवायची हौस पण त्यांनाच असते.

हीच पद्धत गावच्या रस्त्याला

घरचं काम झालं की जरा गावाकडं बघा. रस्ता, शाळाखोली, बंधारा कुठलंही काम घ्या, त्याच्या फाईलीत हे कागद क्रमानं असायलाच पाहिजेत: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, आणि बिल. काम अडलं असेल तर यातला कुठला कागद शेवटचा आहे ते विचारा, तिथंच ते अडलंय. काम कागदावर झालं आणि जमिनीवर नाही असं असेल तर फक्त दोनच गोष्टी मागा, अंदाजपत्रक आणि एमबी. एमबीत लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. आमच्या वस्तीच्या रस्त्याची एमबी आम्ही चौघांनी मिळून काढली आणि टेप घेऊन सकाळी सहाला रस्त्यावर गेलो. जाडी मोजायला कडेनं उकरावं लागलं. किती भरली ते इथं लिहीत नाही, प्रकरण चालू आहे, पण दुसऱ्या आठवड्यात खडीचे दोन टिप्पर न सांगता येऊन पडले.

राहिलं एकच. फेर मंजूर झाल्याचं कळलं की तिथंच पेढे वाटू नका. ऑनलाईन पंधरा रुपयात डिजिटल सहीचा सातबारा निघतो, तो प्रत्येक गटाचा वेगळा काढा, ८-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा, आणि नावं, क्षेत्र, अक्षर न अक्षर वाचा. मी वाचलं तर चारही नावं आली होती, आणि आईच्या नावात "कौशल्या"चं "कौशल्य" झालं होतं. परत कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज, दोन प्रती, परत बारनिशी. ताईंनी मला बघितलं, काही न बोलता ड्रॉवर उघडला, नवीन पॅड काढलं आणि शिक्का असा दाबून मारला की खालच्या प्रतीवर पण उमटला.